फोटोत डोंगर लहान का होतो?

सप्टेंबरातल्या एखाद्या रविवारी कळसूबाईच्या माथ्यावर जितकी माणसं, जवळजवळ तितकेच कॅमेरे. लोखंडी शिड्या चढून, देवीपुढे हात जोडून झाले की मंडळी पश्चिमेकडे तोंड करून उभी राहतात. समोर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले. ढग वर सरकतात, कातळाची काळी भिंत क्षणभर उघडी पडते आणि सगळ्यांची बोटं एकदमच बटणावर जातात. तक्रार सुरू होते ती घरी आल्यावर, फोटो संगणकाच्या पडद्यावर मोठा करून पाहिला की. तिथे डोंगर केवढा अंगावर येत होता, आणि इथे बघावं तर क्षितिजावरचं एक ढेकूळ!

नवशिक्याला वाटतं, कॅमेरा साधा आहे म्हणून असं झालं. मग तो महागडा कॅमेरा घेतो आणि त्यात ढेकूळ अधिक स्पष्ट येतं.

यामागचं गणित सोपं आहे. पायथ्यापासून ३०० मीटर उंच कडा सहा किलोमीटरवरून पाहिला तर तो डोळ्याशी जेमतेम तीन अंशांचा कोन करतो. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं भिंग साधारण चोवीस ते अठ्ठावीस मिलिमीटरचं, म्हणजे बरंच रुंद. फोन आडवा धरला तर अशा चौकटीत तो कडा उंचीचा विसावा हिस्सा व्यापतो. उरलेली चौकट आभाळ आणि गवत यांनी भरते. तोच कडा शंभर मिलिमीटरच्या भिंगातून घेतला तर चौकटीच्या पाचव्या हिश्श्याएवढा होतो आणि पाहणारा म्हणतो, हं, आता कसा बरोबर आला. पण कडा दोन्ही वेळी तेवढाच होता आणि कॅमेऱ्यानं दोन्ही वेळी समोरचा प्रकाश इमानानं टिपला होता. मग पहिला फोटो 'चुकला' आणि दुसरा 'बरोबर आला', हे ठरवलं कुणी?

इथे हा विषय छायाचित्रणाच्या वर्गातून उठून दर्शनशास्त्राच्या वर्गात जाऊन बसतो. दिसलं ते खरं, की नोंदलं गेलं ते खरं? फोटो 'सुधारणं' म्हणजे त्याला सत्याच्या जवळ नेणं, की सत्यापासून लांब?

भारतीय तर्कशास्त्रात प्रत्यक्ष म्हणजे काय यावर शतकानुशतकं वाद झाला. बौद्ध तार्किक दिङ्नाग यांच्या मते मनानं नाव, जात, गुण यांची जोडणी करण्याआधीचं जे निव्वळ भान, तेवढंच प्रत्यक्ष. 'हा कुलंग' असं म्हणताक्षणी कल्पना शिरली. नैयायिकांना हे पुरेसं वाटलं नाही. त्यांनी प्रत्यक्षाच्या दोन पायऱ्या मानल्या, निर्विकल्पक आणि सविकल्पक, आणि दुसरीलाही ज्ञानाचा मान दिला. नुसत्या काळ्या-हिरव्या डागांचं भान म्हणजे अजून डोंगर पाहणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. आजच्या नवशिक्याच्या मनात नकळत दिङ्नागांचा पक्ष बसलेला असतो. कॅमेरा यंत्र आहे, त्याला नाव-जात ठाऊक नाही, तेव्हा तो दाखवतो ते कोरं प्रत्यक्ष. एडिटिंग म्हणजे नंतरची भेसळ. 'नो फिल्टर' असं अभिमानानं लिहिणाऱ्यांचा सगळा डोलारा या समजुतीवर उभा आहे.

डोलारा कच्चा आहे. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर ब्राइस बेयर यांनी कोडॅक कंपनीत असताना शोधलेली रंगीत जाळी असते. तिचं पेटंट १९७६ सालचं. निम्मे ठिपके हिरवा प्रकाश मोजतात, पाव तांबडा, पाव निळा. म्हणजे एका ठिपक्यावर तीनपैकी एकच रंग खरोखर मोजलेला असतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांकडे पाहून अंदाजानं भरलेले असतात. त्यावर गवत किती हिरवं, आभाळ किती निळं, सावली किती गडद हे कारखान्यातल्या कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं. न बदललेला जेपेग म्हणजे दुसऱ्यानं बदललेला फोटो. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक तर त्याहून हट्टी. समोर काय आहे हे त्याला ठाऊक नसल्यानं तो सगळं जग सरासरी मध्यम करड्या रंगाचं धरून चालतो. म्हणून पांढरंशुभ्र धुकं फोटोत मळकट होतं, हिमशिखर राखेसारखं दिसतं आणि पावसात भिजलेला काळाकभिन्न कातळ उगाच उजळ होऊन त्याचा रुबाब जातो. धुक्यात आणि बर्फात एक्स्पोजर एक पायरी वाढवावं, काळ्या कड्यासमोर थोडं उतरवावं, हा अनुभवी माणसाचा सल्ला. पुस्तकात तो तंत्राच्या प्रकरणात छापतात. खरं तर ते यंत्राच्या एका चुकीच्या गृहीतकाचं खंडन आहे, आणि ते माणसालाच करावं लागतं; बर्फ पांढरं असतं हे दोघांपैकी त्यालाच माहीत असतं.

चित्रकारांना ही अडचण फार आधी कळली होती. दक्षिण फ्रान्समधला सांत-व्हिक्तोआर हा डोंगर पॉल सेझाननं आयुष्यभर पुन्हापुन्हा रंगवला. अर्ल लोरान या अमेरिकी चित्रकारानं सेझान जिथे बसून रंगवत असे त्या जागा शोधल्या, तिथून फोटो घेतले आणि १९४३ साली चित्रं व फोटो शेजारी शेजारी छापले. फोटोत डोंगर मागे, लहान. चित्रात तो पुढे सरकलेला, मोठा. सेझाननं भिंगाची अट पाळली नाही, लक्षाची पाळली. माणसाचं लक्ष ज्यावर खिळतं ते मोठं होतं. कळसूबाईवरच्या माणसालाही कुलंग तसाच मोठा दिसलेला असतो, फक्त त्याच्या हातात कुंचला नसतो.

कुंचला नसताना काय करता येतं, हे छायाचित्रकार अँसेल ॲडम्सनं १० एप्रिल १९२७ रोजी कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत दाखवलं. वय पंचवीस, पाठीवर अवजड कॅमेरा आणि काचेच्या मोजक्या प्लेटा. समोर हाफ डोमची उभी भिंत. पिवळा फिल्टर लावून त्यानं एक प्लेट घेतली आणि लगेच त्याच्या लक्षात आलं की भिंतीपुढे उभं राहून जो दरारा वाटतोय तो यात येणार नाही. आभाळ फिकट पडेल. मग त्यानं गडद तांबडा फिल्टर चढवला आणि शिल्लक प्लेट खर्च केली. तांबडी काच निळा प्रकाश अडवते, त्यामुळे आभाळ जवळजवळ काळं झालं आणि कडा त्यातून बाहेर आला. त्या दुपारी योसेमिटीचं आभाळ काळं नव्हतं. तरीही 'मोनोलिथ' नावाचा तो फोटो खोटा आहे असं फारसं कुणी म्हणत नाही.

त्याचा दुसरा फोटो आणखी मोलाचा पुरावा देतो. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेला चंद्र, मागे बर्फाळ डोंगररांग, पुढे दफनभूमीतले क्रूस. ॲडम्स पुढची कित्येक वर्षं डार्करूममध्ये त्याच्या प्रती काढत राहिला आणि नंतरच्या प्रतींत आभाळ अधिकाधिक काळं करत गेला. मूळ निगेटिव्हमध्ये वरच्या बाजूला फिकट ढग आहेत, ते गिळले गेले. एडिटिंगला नावं ठेवणाऱ्यानं हे उदाहरण आधी पचवावं. पण गंमत पुढे आहे. फोटो कधी काढला हे ॲडम्सला नीट आठवत नसे. तो वेगवेगळी सालं सांगायचा. शेवटी खगोलशास्त्राच्या अभ्यासकांनी चंद्राची जागा मोजून तारीख काढली, १ नोव्हेंबर १९४१. उजेड इतका हलवला, तरी चंद्र आपल्या जागेवरून हलला नव्हता, म्हणून फोटो साक्ष देऊ शकला. २०२० साली फोटोशॉपमध्ये एका क्लिकवर आकाश बदलण्याची सोय आली. त्या सोयीनं चिकटवलेल्या चंद्रावरून कुणाला कसलीच तारीख काढता येणार नाही.

तेव्हा रेघ इथे मारावी का? उजेड बदलला तर चालेल, वस्तू हलवली तर नाही? सोयीची रेघ आहे, पण फ्रेडरिक कुकनं ती १९०६ सालीच पुसून टाकली होती. अलास्कातलं डेनाली ऊर्फ मॅकिन्ली हे उत्तर अमेरिकेतलं सर्वोच्च शिखर आपण प्रथम सर केलं असं त्यानं जाहीर केलं आणि पुस्तकात शिखरावरचा फोटो छापला. खडकाचं टोक, त्यावर झेंडा घेतलेला सोबती. फोटोत काहीही चिकटवलेलं नव्हतं. १९१० साली हर्शेल पार्कर आणि बेलमोर ब्राउन या गिर्यारोहकांनी ते टोक शोधून काढलं. ते खऱ्या शिखरापासून सुमारे तीस किलोमीटर दूर होतं आणि त्याची उंची साडेपाच हजार फुटांच्या आत, म्हणजे जवळपास आपल्या कळसूबाईएवढी. डेनाली २०,००० फुटांच्या वर आहे. पुढे मूळ प्रत मिळाली तेव्हा छापताना कडेचा भाग छाटलेला होता हेही दिसलं. उजेड खरा, खडक खरा, माणूस खरा, झेंडा खरा. खोटी होती फक्त खालची ओळ. आणि हा प्रकार इतिहासजमा झाला म्हणावं तर २०१६ साली एव्हरेस्टच्या माथ्यावरचे म्हणून सादर केलेले फोटो बनावट ठरले आणि नेपाळनं दोन भारतीय गिर्यारोहकांवर दहा वर्षांची बंदी घातली.

हा गुंता सोडवायला जैन दार्शनिकांइतकी चांगली अवजारं दुसऱ्या कुणी घडवली असतील असं वाटत नाही. त्यांच्या मते कोणत्याही वस्तूला अनंत धर्म असतात आणि एका वेळी, एका बाजूनं त्यातला एखादाच सांगता येतो. त्या बाजूला ते नय म्हणतात. बाराव्या शतकात गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी बत्तीस श्लोकांची एक स्तुती रचली आणि तेराव्या शतकात मल्लिषेणांनी तिच्यावर 'स्याद्वादमंजरी' ही टीका लिहिली. त्यात एक बारीक भेद आहे. 'आहेच' म्हणणारा दुर्नयात पडतो, 'आहे' म्हणणारा नयात राहतो आणि 'एका परीनं आहे' म्हणणारा प्रमाणापर्यंत पोहोचतो. तिघांनी पाहिलेली वस्तू एकच. दोष पाहण्यात नसतो, एका बाजूला सगळी वस्तू ठरवण्यात असतो.

फोटोला ही मांडणी चपखल बसते. तत्त्वार्थसूत्रात सात नय सांगितले आहेत. त्यांतला ऋजुसूत्र नय वस्तूची फक्त आत्ताची, या क्षणाची अवस्था खरी धरतो. एक भागिले अडीचशे सेकंद उघडणारा पडदा दुसरं काय करतो? कळसूबाई चढलेल्या माणसाच्या आठवणीत मात्र पहाटेचा चिखल असतो, शिडीवरचा वारा असतो, दोन तास धुक्यात बसून पाहिलेली वाट असते. त्याचा डोंगर या सगळ्याचा मिळून झालेला. घरी आल्यावर तो फोटोकडून हे सगळं मागतो, आणि फोटोकडे तर एक क्षण आणि एक भिंग एवढंच असतं. नवशिक्याच्या बहुतेक चुका या एका अपेक्षेतून येतात. सगळं दाखवायचं म्हणून तो सगळ्यांत रुंद भिंग लावतो. दरी, आभाळ, मित्र, मंदिराचा झेंडा, सूर्य, सगळं एका चौकटीत कोंबतो, आणि मग डोंगराला जागा उरत नाही.

एक बाजू निवडली की कामं आपोआप सुचू लागतात. सह्याद्रीचंच घ्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसून हे कडे झालेत. त्यांचा स्वभाव आडव्या रेघांचा. हे थर दाखवायचे ठरवले तर दुपारी बाराचा डोक्यावरचा उजेड निरुपयोगी, कारण तेव्हा कडा सपाट दिसतो. सकाळी किंवा उतरत्या उन्हात बाजूनं प्रकाश आला की प्रत्येक थराखाली सावलीची रेघ उठते. उंची दाखवायची असेल तर कड्यावर कुठेतरी माणूस हवा, मुंगीएवढा का असेना. त्याच्याशिवाय तीनशे मीटर आणि तीस मीटर यांत फरक कळत नाही. रांगेमागे रांग दाखवायची तर हवेतला धुरकटपणा हा मित्र आहे. दूरची रांग फिकट आणि निळसर होत जाते, म्हणूनच ती दूर वाटते. एडिटिंगच्या ॲपमधलं 'डीहेझ' बटण शेवटापर्यंत ओढणारे हौशी लोक नेमकं हे अंतर पुसतात; पाचवी रांग पहिलीच्या खांद्यावर येऊन बसते आणि वर पुन्हा डोंगर लहान आला म्हणून हळहळ.

सह्याद्रीला आइसलँडचे रंग फासणाऱ्यांबद्दलही दोन शब्द. केशरी ऊन, मोरपंखी सावल्या असा एक ठरलेला मसाला गेली काही वर्षं प्रत्येक डोंगरावर टाकला जातो. ही खोड डिजिटलची नव्हे. १८६०च्या दशकात सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार हमालांच्या तांड्यासह काचा आणि रसायनं घेऊन हिमालयात हिंडला, १८६६ साली साडेअठरा हजार फुटांवरच्या मानिरंग खिंडीत त्यानं फोटो घेतले, आणि इतकं करून त्याची कुरकुर होती की हा प्रदेश 'चित्रासारखा' नाही. चित्र त्यानं इंग्लंडातून आणलं होतं. हिमालय त्यात बसेना.

धर्माच्या अंगानं हा प्रश्न खरा टोकदार होतो. कैलासाचा फोटो घरोघरी देवघरात असतो. त्याला हळदकुंकू लागतं. तो फोटो दर्शनाची जागा घेतो, तेव्हा त्यात किती हात घातला हा निव्वळ रसिकतेचा मुद्दा राहत नाही. कैलास हिंदूंना शिवाचं स्थान, तिबेटी बौद्धांना देमचोक या देवतेचं, जैनांना ऋषभदेवांच्या निर्वाणाचं अष्टापद, आणि बोन संप्रदायालाही तो तितकाच पवित्र. बोनपंथी तर परिक्रमा उलट दिशेनं करतात. एकाच वाटेवर एक यात्रेकरू उत्तरेचा कडा आधी पाहतो, दुसरा नंतर. कुणाचा कैलास खरा, असा वाद तिथे होत नाही. पण मोबाइलवर फिरणाऱ्या एखाद्या चित्रात बर्फाच्या सावल्या ओढूनताणून शंकराचा चेहरा उमटवलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, चमत्कार.

पिथोरागढ जिल्ह्यात नाभीढांगहून दिसणाऱ्या ॐ पर्वताचं उदाहरण याहून अवघड. तिथे कातळाच्या खाचांत बर्फ साचून ॐसारखा आकार खरंच दिसतो. तो एका दिशेनं आणि बर्फ नेमकं असेल तेव्हाच दिसतो. २०२४च्या ऑगस्टमध्ये बर्फ वितळल्यानं तो दिसेनासा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. समजा, एखाद्यानं विरळ बर्फाचा फोटो घेतला आणि कॉन्ट्रास्ट वाढवून पुसट रेघ ठळक केली. हे चालावं. रेघ तिथे होती; डोळ्यानं ती जुळवून घेतलीच होती. दुसऱ्यानं तुटलेली मात्रा ब्रशनं पूर्ण केली. इथे मल्लिषेणांचा आधार घेता येणार नाही. वस्तूला अनंत धर्म आहेत याचा अर्थ वाटेल तो धर्म आहे असा होत नाही. सशाच्या शिंगाला कोणताच नय लागू पडत नाही. 'सगळंच आपापल्या परीनं खरं' असं म्हणून अनेकांतवादाची जी स्वस्त आवृत्ती विकली जाते तिच्यात हा भेद गळतो. शिवाय त्या भक्ताचं स्वतःचं नुकसान वेगळंच. बर्फ कमी झालं ही बातमी त्या डोंगरानं दिली होती, ती त्यानं पूज्यभावापोटी खोडली.

कुणी विचारेल, श्रद्धेनं केलं तर बिघडलं काय? मूर्तिकार नाही का दगड घडवत? घडवतो, पण दगड आपोआप असा सापडला असं तो सांगत नाही. फोटो सांगतो. ही साक्ष देण्याची सवय फोटोला जन्मापासून चिकटली आहे आणि ॐ ब्रशनं पुरा करणारा माणूस तिचाच फायदा घेत असतो. त्यानं 'मनातला ॐ पर्वत' असं लिहून चित्र लावलं तर हरकत घ्यायचं काही कारण उरत नाही.

पाहणारा आणि पाहिलेलं यांची सर्वांत विलक्षण गाठ मात्र हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पडते. पावसाळ्यात कधीमधी सकाळी सूर्य पाठीशी आणि समोर कोकणातून चढलेल्या धुक्याची भिंत असा योग जुळतो. मग धुक्यावर पूर्ण गोल इंद्रधनुषी कडं उमटतं आणि त्याच्या मधोमध आपली सावली. ट्रेकर त्याला इंद्रवज्र म्हणतात. मुंबई इलाख्यातला अधिकारी कर्नल विल्यम साइक्स यानं याच गडावरच्या अशा वर्तुळाची नोंद १८३५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापली. जर्मनीतल्या ब्रोकेन डोंगरावरूनही हे दृश्य प्रसिद्ध आहे. चीनच्या एमेई पर्वतावर त्याला बुद्धाची प्रभा मानतात. ती आपल्यासाठीच प्रकटली असं समजून कड्यावरून स्वतःला झोकून देणाऱ्यांमुळे तिथल्या एका कड्याचं नावच देहत्यागाचा कडा असं पडलं.

धुक्याच्या थेंबांतून प्रकाश जवळजवळ आल्या दिशेनं परततो, म्हणून हे कडं प्रत्येकाला फक्त स्वतःच्या डोक्याभोवती दिसतं. शेजारी उभ्या असलेल्या मित्राची सावली दिसते, पण तिला प्रभा नसते. आणि त्याच्या नजरेला नेमकं उलटं. स्कॉटिश शास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन १८९४ साली बेन नेव्हिसच्या वेधशाळेत राहिला असताना या वर्तुळांच्या नादी लागला. ती प्रयोगशाळेत घडवायची म्हणून त्यानं काचेच्या भांड्यात ढग तयार केले. त्यातून पुढे मेघकक्ष जन्मला, अदृश्य कणांच्या वाटा त्यात दिसू लागल्या आणि १९२७ साली विल्सनला नोबेल मिळालं.

कॅमेऱ्याच्या बाबतीत केंद्र भिंगाच्या सावलीपाशी असतं. फोन डोळ्यांसमोर धरला तर प्रभा डोक्याभोवती येते. हात लांब करून फोन बाजूला नेला तर फोटोत ती हातातल्या फोनभोवती सरकते आणि डोकं बाहेर राहतं. कोकणकड्यावर धार पकडून असले प्रयोग करू नयेत, मागे सरकून बसून करावेत. धुकं पांढरं असल्यानं एक्स्पोजर पाऊणएक पायरी वर घ्यावं लागतं. ऑटोफोकस धुक्यात चाचपडत राहतो. तो बंद करून फोकस अनंतावर ठेवावा, आणि पोलरायझर असेल तर आधी काढून खिशात टाकावा, कारण तो फिरवताना प्रभेचे रंग फिके पडू शकतात आणि धुकं काही आपल्यासाठी थांबत नाही.